सेंट पीटरच्या महामंदिरात तेवीस जणी

२२ ऑक्टोबर १९६३. रोमच्या सेंट पीटर महामंदिरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे दुसरे सत्र भरले होते. लांबच लांब सभागृहात दोन्ही बाजूंना चढत्या पायऱ्यांसारखी आसने मांडलेली, त्यांवर जगभरातून आलेले दोन हजारांहून अधिक बिशप, आणि चर्चा लॅटिनमध्ये. बेल्जियमचे कार्डिनल लिओ सूनेन्स बोलायला उभे राहिले. विषय होता सामान्य श्रद्धावंतांना मिळालेल्या कृपादानांचा. बोलता बोलता त्यांनी एक साधी गोष्ट सभागृहाच्या लक्षात आणून दिली: मानवजातीत निम्म्या स्त्रिया आहेत, मग परिषदेत निदान श्रोत्या म्हणून तरी त्यांना बोलवायला हवे.

तोवर त्या सभागृहात एकही स्त्री बसलेली नव्हती. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी पोप तेविसावे जॉन यांनी परिषदेचे उद्घाटन केले, तेव्हा ख्रिस्तसभेच्या खिडक्या उघडून ताजी हवा आत घेण्याची भाषा सर्वत्र चालली होती. इतर ख्रिस्ती पंथांच्या प्रतिनिधींना सन्मानाने निमंत्रणे गेली. १९६३ मध्ये काही प्रापंचिक पुरुषांनाही श्रोते म्हणून आत घेतले. स्त्रियांची मात्र कोणाला आठवण झाली नव्हती. ज्या धर्मभगिनी जगभर शाळा, दवाखाने आणि अनाथालये चालवत होत्या, त्यांच्या जीवनाचे नियम ठरवणाऱ्या मसुद्यांवरही केवळ पुरुषांचे मतदान होणार होते.

सूनेन्स यांनी मांडलेला मुद्दा त्या दिवशी सभागृहात प्रथमच इतक्या ठळकपणे आला, पण तो त्यांचा एकट्याचा नव्हता. कॅथलिक स्त्रिया त्याआधी पन्नास वर्षे तो मांडत होत्या. १९११ मध्ये लंडनला गॅब्रिएल जेफरी आणि मे केंडल यांनी कॅथलिक स्त्रियांची मताधिकार संघटना स्थापन केली. पुढे ती संत जोनच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि आंतरराष्ट्रीय झाली. या स्त्रिया धर्मनिष्ठ होत्या. ख्रिस्तसभेत राहूनच त्यांना स्त्रीच्या माणूसपणाची मान्यता हवी होती. परिषद भरल्यावर १९६३ मध्ये या संघटनेने एक ठराव केला. ख्रिस्तसभेने कधी काळी याजकपद स्त्रियांना खुले केले, तर स्त्रिया त्या हाकेला आनंदाने ओ देतील, असा त्याचा आशय होता. भाषा अत्यंत नम्र होती. मागणी मात्र तेव्हा कोणी उच्चारायलाही धजत नव्हते, अशी होती.

त्याहून थेट आवाज आला तो झ्यूरिखहून. गेर्ट्रूड हाइन्झेलमान या वकील होत्या आणि स्वित्झर्लंडमधील स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्यांपैकी एक होत्या. १ फेब्रुवारी १९५९ रोजी स्विस पुरुष मतदारांनी स्त्रियांना मताधिकार देण्याचा प्रस्ताव फेटाळला होता. देशाच्या संसदेसाठी मत देण्याचा हक्क तेथील स्त्रियांना मिळायला १९७१ उजाडावे लागले. राज्यात मत नाही आणि धर्मात आवाज नाही, हे दुहेरी वास्तव हाइन्झेलमान रोज अनुभवत होत्या. परिषदेच्या तयारीसाठी जगभरातून सूचना मागवल्या जात होत्या. २३ मे १९६२ रोजी त्यांनी परिषदेच्या तयारी समितीला एक सविस्तर निवेदन पाठवले.

वकिलाने दाव्याची मांडणी करावी, तसे ते निवेदन होते. स्त्रीला गौण मानणाऱ्या धर्मशास्त्रीय विचाराचे मूळ त्यांनी शोधले. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात ॲरिस्टॉटलची जीवशास्त्रीय कल्पना उचलली होती. त्या कल्पनेनुसार जन्माचे खरे बीज पुरुषाचे असते आणि स्त्री हा काहीसा अपूर्ण राहिलेला पुरुष असतो. विज्ञानाने ही समजूत केव्हाच मोडीत काढली होती. सस्तन प्राण्यांतील स्त्रीबीजाचा शोध १८२७ मध्येच लागला होता. तरीही त्या समजुतीवर उभारलेले निष्कर्ष सेमिनरीत शिकवले जात होते आणि त्यांच्याच आधारे स्त्रीला वेदीपासून दूर ठेवले जात होते. पायाच खचला असेल तर वरची इमारत कशाच्या आधारावर उभी आहे, हा हाइन्झेलमान यांचा प्रश्न होता. बाप्तिस्मा स्त्रीपुरुषांना सारखाच मिळतो, मग याजकपदाची दीक्षा एकालाच का, असेही त्यांनी विचारले.

निवेदन एका स्त्रीवादी मासिकात छापले गेले आणि वृत्तपत्रांतून त्यांची टवाळी सुरू झाली. पण त्याचबरोबर जर्मनीतून आणि अमेरिकेतून पत्रेही येऊ लागली. ईडा रामिंग, इरिस म्युलर, योसेफा टेरेसिया म्युंख, मेरी डॅली अशा धर्मशास्त्र शिकलेल्या तरुणी ठिकठिकाणी हाच विचार एकेकट्याने करत होत्या. आता त्यांना एकमेकींचा पत्ता लागला. १९६४ मध्ये हाइन्झेलमान यांनी या साऱ्यांचे लेखन एकत्र करून जर्मन आणि इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केले. आम्ही यापुढे गप्प बसणार नाही, असे त्याचे शीर्षकच सांगत होते. व्हॅटिकनने निवेदनाची दखल घेतली नाही, तरी त्यातून एक चळवळ उभी राहिली.

परिषदेच्या दारात मात्र अजून जुनेच वारे होते. दुसऱ्या सत्रात एका मिस्साला हजर असलेल्या पत्रकार बाईंना कम्युनियनच्या रांगेतून अडवण्यात आले. जिथे अवघ्या ख्रिस्तसभेच्या नवजीवनाची चर्चा चालली होती, तिथे एका श्रद्धावंत स्त्रीला ख्रिस्तप्रसाद नाकारला गेला. ही बातमी झाली आणि अनेक बिशपांनाही तिची लाज वाटली.

सूनेन्स यांच्या भाषणानंतर जवळपास वर्षाने दार किलकिले झाले. ८ सप्टेंबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी काही स्त्रियांना श्रोत्या म्हणून बोलावण्याचे जाहीर केले. १४ सप्टेंबरला तिसऱ्या सत्राच्या उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी या भगिनींचे स्वागतही केले. पण त्या वेळी एकही श्रोती जागेवर नव्हती, कारण निमंत्रणेच अजून पोहोचली नव्हती. शेवटी २५ सप्टेंबरला फ्रान्सच्या मारी-लुईझ मोने महामंदिरात आल्या आणि परिषदेतील पहिल्या श्रोती म्हणून आसनावर बसल्या. युरोपच्या एकीकरणाचे शिल्पकार ज्यां मोने यांच्या त्या भगिनी. स्वतःच्या बळावर त्यांनी फ्रान्समध्ये कॅथलिक कार्याची एक मोठी संघटना उभी केली होती.

परिषद संपेपर्यंत अशा श्रोत्यांची संख्या २३ झाली. त्यांत १० धर्मभगिनी आणि १३ प्रापंचिक स्त्रिया होत्या. अमेरिकेतील लोरेटो संघाच्या प्रमुख सिस्टर मेरी ल्यूक टोबिन जहाजाने रोमकडे निघाल्या होत्या आणि वाटेतच त्यांना आपल्या नेमणुकीची बातमी समजली. ऑस्ट्रेलियाच्या रोझमेरी गोल्डी अनेक वर्षे रोममध्ये प्रापंचिकांच्या कार्यालयाचे काम पाहत होत्या. स्पेनच्या पिलार बेयोसिल्यो कॅथलिक स्त्री संघटनांच्या जागतिक महासंघाच्या अध्यक्ष होत्या. आमालिया दी मोंतेझेमोलो या इटालियन युद्धविधवा होत्या. त्यांच्या पतीला १९४४ मध्ये रोमजवळच्या आर्देआतिने हत्याकांडात नाझींनी ठार केले होते. मेक्सिकोच्या लूझ मारिया इकासा आपल्या पतीसह आल्या होत्या आणि सर्व श्रोत्यांमध्ये ते एकमेव दांपत्य होते. इजिप्त, लेबनॉन, अर्जेंटिना आणि उरुग्वेहूनही स्त्रिया होत्या. भारतातून मात्र एकही नव्हती.

त्यांना सभागृहात बोलण्याची परवानगी नव्हती. कॉफीसाठीही त्यांची वेगळी खोली होती. पुरुष श्रोत्यांची गोष्ट निराळी होती. १३ ऑक्टोबर १९६४ रोजी इंग्लंडचे पॅट्रिक कीगन यांनी परिषदेसमोर भाषण केले. बेयोसिल्यो यांना बोलू द्यावे अशी विनंती दोनदा झाली आणि दोन्ही वेळा ती नाकारली गेली. जगातील दारिद्र्यावर परिषदेने विचार करावा म्हणून अमेरिकेचे जेम्स नॉरिस झटत होते. या विषयावर अर्थतज्ज्ञ बार्बरा वॉर्ड यांच्याइतके अधिकाराने बोलू शकेल असे क्वचितच कोणी होते, म्हणून त्यांनाच बोलवावे असे नॉरिस यांनी सुचवले. त्यालाही नकार मिळाला. शेवटी ५ नोव्हेंबरला नॉरिस स्वतःच लॅटिनमध्ये बोलले. विषयाचे गांभीर्य मान्य झाले, पण तो मांडायला सर्वांत पात्र असलेल्या व्यक्तीला स्त्री असल्याने बाहेर ठेवले गेले.

परिषदेचे खरे काम महामंदिरातल्या भाषणांत होत नव्हते. ते समित्यांच्या खोल्यांत होत होते, जिथे मसुदे लिहिले, खोडले आणि पुन्हा लिहिले जात. आधुनिक जगाविषयीच्या मसुद्यावर काम करणाऱ्या समित्यांत काही श्रोत्यांना बसू दिले गेले आणि इतिहासाला वळण मिळाले ते तिथेच. थोर फ्रेंच धर्मशास्त्रज्ञ ईव्ह कोंगार यांनी स्त्रियांविषयी काही ओळी लिहिल्या होत्या. स्त्रियांना फुलांची, सूर्यप्रकाशाची उपमा दिलेली होती. हेतू चांगला होता. रोझमेरी गोल्डी यांनी शांतपणे सांगितले की फुले वगळावीत. स्त्रीला ख्रिस्तसभेकडून स्तुती नको होती, पूर्ण माणूस म्हणून मान्यता हवी होती. त्या ओळी वगळल्या गेल्या.

विवाहाच्या मसुद्याच्या वेळी लूझ मारिया इकासा यांनीही असाच हस्तक्षेप केला. जुन्या पाठ्यपुस्तकांतून पतिपत्नीच्या शरीरसंबंधाचे वर्णन वासनेवरचा उतारा असल्यासारखे केले जाई. आपली मुले वासनेतून नव्हे, प्रेमातून जन्मली आहेत, असे त्या अनेक मुलांच्या आईने बिशपांना सांगितले. तुमच्या मातांबद्दलही तुम्ही हेच म्हणाल का, हा प्रश्न त्यामागे होता. आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळलेल्या पुरुषांच्या त्या खोलीत संसाराचा अनुभव असलेल्या स्त्रीचे शब्द प्रथमच पोहोचत होते. पुढे परिषदेने विवाहाला जीवन आणि प्रेम यांचा जिव्हाळ्याचा सहवास मानले. या बदलाचे श्रेय एकट्या इकासांचे नाही, पण त्यांचा अनुभव त्याच्या मागे उभा होता.

७ डिसेंबर १९६५ रोजी, परिषदेच्या समारोपाच्या आदल्या दिवशी, आधुनिक जगाविषयीचा तो मसुदा 'गाउदियुम एत स्पेस' या नावाने घोषित झाला. त्याच्या २९ व्या परिच्छेदात परिषदेने निःसंदिग्धपणे म्हटले की लिंग, वंश, वर्ण, सामाजिक दर्जा, भाषा किंवा धर्म यांवरून होणारा माणसाच्या मूलभूत हक्कांबाबतचा प्रत्येक भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध आहे आणि तो दूर केलाच पाहिजे. कॅथलिक ख्रिस्तसभेने परिषदेच्या अधिकाराने हे म्हटले, हे विसरता येत नाही. पुढे जेव्हा जेव्हा एखाद्या स्त्रीने आपल्याच धर्मगुरूंना प्रश्न विचारला, तेव्हा तिच्या हातात हा परिच्छेद होता.

परिषदेने याजकपदाचा प्रश्न मात्र हाती घेतला नाही. ऑक्टोबर १९६५ मध्ये अटलांटाचे आर्चबिशप पॉल हॅलिनन यांनी स्त्रियांना वाचक, वेदीसेवक आणि डिकन होता यावे, असे लेखी निवेदन दिले. त्यावर सभागृहात चर्चा झाली नाही. जगात भेदभाव नको, हे परिषदेने ठामपणे सांगितले. ख्रिस्तसभेच्या आत काय, हे सांगायचे राहिले. त्यानंतरचा सारा इतिहास या राहून गेलेल्या उत्तराचा आहे.

तिसरे सत्र २१ नोव्हेंबर १९६४ रोजी संपले आणि २ डिसेंबरला पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. ओव्हल मैदानावरील आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेससाठी लाखोंची गर्दी जमली होती. पाठोपाठ परिषदेचे निर्णय आपल्याकडेही आले. लॅटिनमध्ये चालणारी मिस्सा लोकांच्या भाषेत होऊ लागली. वसईच्या गावांत ती मराठीत होऊ लागली आणि पुढे शुभवर्तमानाआधीची वाचने वाचायला स्त्रियाही वेदीपाशी येऊ लागल्या. ज्या बायका पिढ्यान् पिढ्या समजत नसलेल्या भाषेत प्रार्थना ऐकत आल्या, त्यांच्या लेकीसुना आता आपल्या मराठीत देवाचा शब्द सगळ्या गावाला वाचून दाखवत होत्या.

१९७० मध्ये पोपनी आविलाच्या संत तेरेजा आणि सिएनाच्या संत कॅथरीन यांना ख्रिस्तसभेच्या गुरू म्हणून घोषित केले. हा मान तोवर एकाही स्त्रीला मिळालेला नव्हता. १९७३ मध्ये समाजातील आणि ख्रिस्तसभेतील स्त्रीच्या स्थानावर एक अभ्यास आयोग नेमला गेला, पण याजकपदाचा विषय त्याच्या कक्षेबाहेर ठेवला गेला. आयोगातील काही स्त्री सदस्यांनी या कार्यपद्धतीविषयी आपले मतभेद नोंदवले. १९७५ च्या नोव्हेंबरात डेट्रॉइटला स्त्रियांच्या दीक्षेविषयी पहिली मोठी परिषद भरली. तिला हजारावर लोक आले. पुढच्याच वर्षी व्हॅटिकनने १५ ऑक्टोबर १९७६ ही तारीख असलेले निवेदन तयार करून स्त्रियांना याजकदीक्षा देता येत नाही, असे स्पष्ट केले.

७ ऑक्टोबर १९७९ रोजी वॉशिंग्टनमध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांच्यासमोर हजारो धर्मभगिनी जमल्या होत्या. अमेरिकेतील धर्मभगिनी-प्रमुखांच्या संघटनेच्या अध्यक्ष सिस्टर तेरेसा केन यांनी स्वागताचे भाषण केले. त्यांनी पोपना आदराने अभिवादन केले आणि मग सांगितले की माणसाच्या प्रतिष्ठेविषयी ख्रिस्तसभा जे शिकवते ते खरे करायचे असेल, तर तिची सर्व सेवापदे स्त्रियांना खुली करण्याचा विचार व्हायला हवा. त्या सभेत सुमारे ५० धर्मभगिनी दंडाला निळी फीत बांधून मूकपणे उभ्या होत्या. केन यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांनी आपले शब्द मागे घेतले नाहीत.

२२ मे १९९४ रोजी दुसरे जॉन पॉल यांनी पत्रक काढून स्त्रियांना याजकदीक्षा देण्याचा अधिकारच ख्रिस्तसभेला नाही, असे घोषित केले आणि हा निर्णय सर्वांनी कायमचा मानावा, असे बजावले. पुढच्या वर्षी चेकोस्लोव्हाकियातील एक हकीकत उघड झाली. कम्युनिस्ट राजवटीच्या दडपशाहीत तिथली ख्रिस्तसभा भूमिगत होती. २८ डिसेंबर १९७० रोजी बिशप फेलिक्स डाविडेक यांनी ब्रनो शहरात लुडमिला याव्होरोव्हा यांना याजकदीक्षा दिली होती. तुरुंगातल्या स्त्रियांपर्यंत संस्कार पोहोचावेत, हे त्यामागचे एक कारण होते. रोमने ती दीक्षा वैध मानली नाही. २९ जून २००२ रोजी डॅन्यूब नदीवर एका बोटीत सात स्त्रियांनी दीक्षा घेतली आणि त्यांना बहिष्कृत करण्यात आले. हाइन्झेलमान यांच्या १९६४ च्या पुस्तकात लिहिणाऱ्या ईडा रामिंग आणि इरिस म्युलर त्या सात जणींत होत्या. अडतीस वर्षे या दोघी आपल्या मागणीवर ठाम राहिल्या.

भारतात या लढ्याने वेगळी वाट धरली. मुंबईत कॅथलिक स्त्रियांनी 'सत्यशोधक' हा गट स्थापन केला. जोतीराव फुल्यांच्या महाराष्ट्रात या नावाचे वजन सांगायला नको. पुण्यात 'स्त्रीवाणी' ही संस्था उभी राहिली. धर्मशास्त्र आता केवळ सेमिनरीत राहिले नाही. स्त्रिया ते शिकू लागल्या, लिहू लागल्या आणि घरातील मारहाण, हुंडा, मुलींची गर्भातच होणारी हत्या हे प्रश्न त्यांनी ख्रिस्तसभेच्या चर्चेत आणले. टाटा मेमोरियल रुग्णालयात वैज्ञानिक म्हणून काम केलेल्या ॲस्ट्रिड लोबो गाजीवाला आणि आशियाई बिशप महासंघात स्त्रियांच्या कार्याची जबाबदारी सांभाळलेल्या व्हर्जिनिया सल्डाना या मुंबईच्या दोघींनी हे काम दीर्घकाळ केले. २००८ मध्ये जमशेदपूरला भरलेल्या भारतीय बिशपांच्या महासभेचा विषयच स्त्रियांचे सक्षमीकरण हा होता. त्यातून २०१० मध्ये भारतातील कॅथलिक ख्रिस्तसभेचे लिंगभाव धोरण प्रसिद्ध झाले. स्त्रीपुरुष समता ही ख्रिस्तसभेची स्वतःची जबाबदारी आहे, हे त्यात बिशपांनी लेखी मान्य केले.

गेल्या काही वर्षांत रोममध्येही हालचाल दिसते. १९७२ च्या नियमानुसार वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत सेवापदे पुरुषांसाठीच होती. प्रत्यक्षात स्त्रिया वाचने करत होत्या, पण नियम जुनाच होता. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो बदलला. ऑक्टोबर २०२३ मध्ये भरलेल्या बिशपांच्या सिनडमध्ये ५४ स्त्रियांना मतदानाचा अधिकार मिळाला. सिनडच्या इतिहासात असे कधीच झाले नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्रांबिल्ला व्हॅटिकनच्या एका मुख्य विभागाच्या प्रमुख झाल्या आणि हे पद मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. डिकनपदाचा प्रश्न दोन आयोगांनी अभ्यासला, तरी तो अजून कायमचा मिटलेला नाही. बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच वैध दीक्षा देता येते, हे सांगणारा धर्मकायद्याचा १०२४ वा नियम जागेवर आहे.

या सहा दशकांकडे एकत्र पाहिले, तर एक गोष्ट लख्ख दिसते. ख्रिस्तसभेत स्त्रियांच्या बाबतीत जो जो बदल झाला, तो आधी स्त्रियांनी मागितला, मग नाकारला गेला आणि मग वर्षानुवर्षांच्या चिकाटीनंतर मान्य झाला. या स्त्रियांची श्रद्धा मुळीच कमी नव्हती. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीवर त्यांचा इतका विश्वास होता की ती शिकवण आपल्यालाही लागू व्हावी, असा आग्रह त्यांनी धरला. त्यांना बंडखोर म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे.

म्हणून आपल्या धर्मग्रामांत, पॅरिश कौन्सिलांत आणि धर्मप्रांतांच्या समित्यांत बसणाऱ्या सर्वांना एक विनंती. २०१० चे लिंगभाव धोरण वाचा, त्यावर चर्चा घडवून आणा आणि पुढच्या बैठकीत निर्णय घेणाऱ्यांत किती स्त्रिया आहेत, हे मोजा. १९६५ मध्ये परिषदेने दिलेला शब्द पाळण्याची सुरुवात आपल्याच गावातून करता येते, आणि त्यासाठी रोमच्या परवानगीची गरज नाही.